माध्यम प्रशालांच्या योजनांमागचा दीडशे वर्षांचा वाद

विद्यापीठातील एखादी संवाद व माध्यम प्रशाला आपल्या प्रगतीचा आढावा घेऊन पुढील योजना जाहीर करते, तेव्हा त्या योजनांचे स्वरूप जगभर बरेचसे सारखे असते. नवा स्टुडिओ, डेटा पत्रकारितेचा किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम, पीएच.डी. संशोधनाचा विस्तार, माध्यमसंस्थांशी करार, जनसंपर्क व जाहिरातीच्या जागांमध्ये वाढ आणि पुष्कळदा प्रशालेचे नवे नावही त्यांत असते. वाचणाऱ्याला हे सारे काळाबरोबर बदलण्याचे प्रयत्न वाटतात आणि काही अंशी ते तसे असतातही. परंतु यांतील जवळजवळ प्रत्येक कलम एका जुन्या आणि अजून न मिटलेल्या वादात घेतलेली बाजू असते. बातमीदारी आणि तिच्या आसपासचे व्यवसाय शिकवणारी ही संस्था म्हणजे विद्यापीठाच्या आवारात थाटलेली कार्यशाळा आहे, की स्वतःची ज्ञानशाखा असलेला विभाग आहे, आणि तिचा खर्च कोणी उचलायचा, हा तो वाद.

त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याचे नेतृत्व केलेले रॉबर्ट ई. ली हे युद्धानंतर व्हर्जिनियातील वॉशिंग्टन कॉलेजचे अध्यक्ष झाले. छापखान्यात काम करता करता शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या तरुणांना शिष्यवृत्त्या देण्याची योजना त्यांनी 1869 मध्ये मांडली. पुढच्याच वर्षी ली यांचे निधन झाले आणि ती योजना 1878 पर्यंत कशीबशी टिकून बंद पडली. नामांकित संपादकांनाच ती पसंत नव्हती. वर्तमानपत्राचे काम वर्तमानपत्राच्या कचेरीतच शिकता येते, वर्गात नाही, असे त्यांचे मत होते. हा आक्षेप आजही ऐकू येतो आणि तो सर्वस्वी चुकीचाही नाही.

त्याला सर्वांत ठाम उत्तर दिले ते वृत्तपत्रमालक जोसेफ पुलित्झर यांनी. पत्रकारितेचे महाविद्यालय काढण्यासाठी देणगी देण्याचा प्रस्ताव त्यांनी 1892 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठापुढे ठेवला होता, पण विश्वस्तांनी तो नाकारला. ज्या गृहस्थाच्या वर्तमानपत्रावर सनसनाटीपणाचा शिक्का बसलेला, त्याच्या पैशावर नवी विद्याशाखा उभी करण्याचा संकोच त्यांना वाटला असल्यास नवल नाही. निकोलस मरे बटलर विद्यापीठाचे अध्यक्ष झाल्यावर, 1903 मध्ये, वीस लाख डॉलरच्या देणगीसह करार झाला आणि पुढच्या वर्षी पुलित्झर यांनी ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’मध्ये दीर्घ लेख लिहून टीकाकारांचा समाचार घेतला. वकील आणि डॉक्टर यांना विद्यापीठात घडवता येते, तर पत्रकाराला का नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

याच सुमारास हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी अशा महाविद्यालयासाठी एक आराखडा सुचवला. वर्तमानपत्राचे व्यवस्थापन, खप, जाहिरात विभागाचे काम, छपाईची तांत्रिक बाजू हे सारे विद्यार्थ्याला यावे, असे त्यांना वाटत होते. पुलित्झर यांना नेमके हेच नको होते. विद्यार्थ्याने इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, भाषा आणि नीती शिकावी. वर्तमानपत्राच्या धंद्याची बाजू मात्र या अभ्यासक्रमात येऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. स्वतः अत्यंत यशस्वी वृत्तपत्र-व्यावसायिक असलेल्या माणसाने असा आग्रह धरावा यातली विसंगती उघड आहे, पण त्यामुळे त्याचे महत्त्व कमी होत नाही. पुढे सल्लागार मंडळावरील नेमणुकांवरून बटलर आणि पुलित्झर यांचे बिनसले आणि आपल्या मृत्यूनंतरच काम सुरू करावे, अशी अट पुलित्झर यांनी घातली. 1911 मध्ये ते वारले आणि 1912 मध्ये कोलंबियाचे महाविद्यालय उघडले.

तोवर पहिलेपणाचा मान मिसुरी विद्यापीठाने मिळवला होता. तेथे 1908 मध्ये पत्रकारितेचे स्वतंत्र महाविद्यालय सुरू झाले आणि वर्ग भरले त्याच दिवशी, 14 सप्टेंबरला, विद्यार्थ्यांनी ‘युनिव्हर्सिटी मिसुरियन’ या वर्तमानपत्राचा पहिला अंक काढला. पहिले अधिष्ठाता वॉल्टर विल्यम्स हे अनुभवी संपादक होते. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, तरी पुढे ते त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. मिसुरीचे वर्तमानपत्र हे आवारापुरते विद्यार्थी-नियतकालिक नव्हते, तर गावातील वाचकांसाठी काढलेले खरेखुरे पत्र होते, आणि व्यावसायिक संपादकांच्या हाताखाली विद्यार्थी ते चालवत. 1953 मध्ये विद्यापीठाने दूरचित्रवाणी केंद्रही सुरू केले. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयाप्रमाणे माध्यम प्रशालेला जोडलेले वृत्तकेंद्र हवे, ही अलीकडच्या योजनापत्रांमध्ये नवी म्हणून मांडली जाणारी कल्पना मुळात मिसुरीची आहे.

तिसरा मार्ग विस्कॉन्सिन विद्यापीठात विलार्ड ब्लेयर यांनी घालून दिला. ते इंग्रजी साहित्याचे डॉक्टरेट होते आणि 1905 मध्ये त्यांनी पत्रकारितेचा वर्ग सुरू केला. विद्यार्थ्याच्या अभ्यासाचा सुमारे एक चतुर्थांश भाग पत्रकारितेचा आणि उरलेला तीन चतुर्थांश समाजशास्त्रे व मानव्यविद्यांचा असावा, असे प्रमाण त्यांनी रूढ केले. पुढे अमेरिकेत अभ्यासक्रमांना मान्यता देणारी यंत्रणा उभी राहिली, तेव्हा हेच प्रमाण तिच्या निकषांचा आधार झाले. ब्लेयर यांनी डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना पत्रकारिता हा जोडविषय म्हणून घेण्याची सोय केली आणि पत्रकारितेचे अध्यापक संशोधनाची पदवी घेऊन येऊ लागले. या एका प्रशासकीय सोयीचा परिणाम मिसुरीच्या वर्तमानपत्राहून किंवा पुलित्झर यांच्या देणगीहून कमी नाही, असे माझे मत आहे.

युरोपात लाइपझिग विद्यापीठात अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूशर यांनी 1916 मध्ये वृत्तपत्रविद्येची संस्था काढली. नाझी राजवटीने ही शाखा आपल्या प्रचारकार्याला जुंपली आणि युद्धानंतर तिला विश्वासार्हता पुन्हा मिळवावी लागली.

दुसऱ्या महायुद्धाने अमेरिकेतही चित्र बदलले. प्रचार, जनमत, रेडिओचा प्रभाव या विषयांवर पॉल लाझार्सफेल्ड, हॅरल्ड लासवेल यांसारखे समाजशास्त्रज्ञ आधीपासून काम करत होते आणि रॉकफेलर प्रतिष्ठानाचा पैसा त्याला मिळत होता. आयोवा विद्यापीठात सर्जनशील लेखनाच्या कार्यशाळेचे प्रमुख असलेले विल्बर श्रॅम युद्धकाळात सरकारी माहिती खात्यात गेले. 1943 मध्ये परतल्यावर त्यांच्याकडे पत्रकारिता महाविद्यालयाची सूत्रे आली, आणि त्यांनी जनसंवाद या विषयातील डॉक्टरेटचा आराखडा आखला. 1947 मध्ये इलिनॉय येथे त्यांनी संवाद संशोधन संस्था उभी केली. 1955 मध्ये ते स्टॅनफर्डला गेले. पत्रकारितेचे महाविद्यालय हे संवादाची प्रशाला होण्याची प्रक्रिया येथून सुरू झाली. बातमी हा मग अनेक विषयांतील एक विषय उरला आणि प्रेक्षक, मन वळवण्याचे तंत्र, संस्थांतर्गत संवाद, जाहिरात हे सारे एका छताखाली आले.

या विस्ताराने अध्यापकवर्गात फूट पडली. कचेरीतल्या दिव्याचा झोत टाळण्यासाठी कपाळावर हिरवी झडप बांधणाऱ्या जुन्या उपसंपादकांची एक बाजू आणि ‘काय-वर्ग’ या संख्याशास्त्रीय चाचणीवरून ओळखल्या जाणाऱ्या संशोधकांची दुसरी. एकमेकांना याच नावांनी चिडवण्याची तेथे पद्धत पडली. बढतीचे नियम विद्यापीठाचे असल्यामुळे शोधनिबंध मोजले गेले आणि संपादनाचा अनुभव मोजला गेला नाही. साहजिकच दुसरी बाजू वरचढ ठरली. आज एखादी प्रशाला ‘प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेले प्राध्यापक’ नेमण्याची स्वतंत्र योजना जाहीर करते, ती या असमतोलावरची मलमपट्टी असते.

ब्रिटनमध्ये विद्यापीठांनी पत्रकारितेला बराच काळ दारातच उभे ठेवले. कार्डिफ येथे टॉम हॉपकिन्सन यांनी 1970 मध्ये आणि लंडनच्या सिटी विद्यापीठाने 1976 मध्ये पदव्युत्तर वर्ग सुरू केले. त्याआधी, 1964 मध्ये, रिचर्ड हॉगर्ट यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र काढले होते. स्टुअर्ट हॉल यांच्या नेतृत्वाखाली तेथे दूरचित्रवाणी, वर्तमानपत्रे आणि तरुणांची संस्कृती यांकडे सत्तासंबंधांच्या दृष्टीने पाहणारी अभ्यासपद्धती घडली. जगभरच्या माध्यम अभ्यासावर तिचा ठसा आहे, मात्र केंद्र 2002 मध्ये विद्यापीठानेच बंद केले.

नव्याने स्वतंत्र झालेल्या आणि विकसनशील देशांत या प्रशालांना आणखी एक काम मिळाले. चीनमध्ये येन्चिंग विद्यापीठात 1924 मध्ये पत्रकारिता विभाग निघाला होता आणि मिसुरीशी त्याचे निकटचे संबंध होते. अखंड भारतात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात 1941 मध्ये पत्रकारितेचा वर्ग सुरू झाला. 1959 मध्ये इक्वाडोरची राजधानी कितो येथे युनेस्कोच्या पाठिंब्याने लॅटिन अमेरिकेसाठी प्रशिक्षण केंद्र उघडले. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था 17 ऑगस्ट 1965 रोजी सुरू झाली, ती युनेस्को आणि फोर्ड प्रतिष्ठानाच्या तज्ज्ञांच्या शिफारशीवरून. तिचे पहिले काम सरकारी माहिती सेवेतील अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण हे होते. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन यांची माहिती लोकांपर्यंत पोहोचवली की विकास वेग घेईल, या गृहीतकावर तेव्हा मोठा विश्वास होता आणि श्रॅम त्याचे प्रमुख प्रवक्ते होते. जामिया मिलिया इस्लामिया येथील जनसंचार संशोधन केंद्र 1982 मध्ये टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठाच्या सहकार्याने उभे राहिले, तेव्हा भर चित्रपट व दूरचित्रवाणी निर्मितीवर आला होता. तत्पूर्वी, 1980 मध्ये, युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाने बातम्यांचा प्रवाह श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे एकतर्फी वाहतो हे स्पष्टपणे नोंदवले होते. बातमीची व्याख्या मात्र बहुतेक वर्गांत पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतलीच राहिली.

खर्चाचा प्रश्न यापासून वेगळा काढता येत नाही. शिकागो ट्रिब्यूनचे संपादक जोसेफ मेडिल यांच्या नावाने नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात 1921 मध्ये महाविद्यालय निघाले. प्रकाशक वॉल्टर ॲनेनबर्ग यांनी 1958 मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि 1971 मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रशाला काढल्या आणि 1993 मध्ये दोहोंना प्रत्येकी 12 कोटी डॉलर दिले. सिराक्यूज येथे वृत्तपत्रमालक न्यूहाउस यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या इमारतीचे उद्घाटन 5 ऑगस्ट 1964 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी केले आणि त्याच व्यासपीठावरून व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर झाल्याचे सांगितल्या गेलेल्या हल्ल्यांविषयी भाषण दिले. त्या हल्ल्यांची सरकारी हकिकत पुढे संशयास्पद ठरली. पत्रकार घडवणाऱ्या वास्तूच्या वाट्याला असे उद्घाटन यावे, हा योगायोग विसरण्याजोगा नाही. 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाच्या पत्रकारिता प्रशालेला दोन कोटी डॉलर देणारे क्रेग न्यूमार्क हे क्रेगलिस्टचे संस्थापक, म्हणजे वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींचे उत्पन्न ज्या संकेतस्थळाने आटवले त्याचे कर्ते.

हे उत्पन्न आटल्यानंतरच आजच्या योजनांचा काळ सुरू होतो. कोलंबियात 2002 मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष ली बॉलिंजर यांनी नव्या अधिष्ठात्याची निवड थांबवली आणि केवळ कारागिरी शिकवणे पुरेसे आहे का, असा प्रश्न उपस्थित केला. त्यातून विषयतज्ज्ञ पत्रकार घडवणारा वेगळा पदव्युत्तर अभ्यासक्रम 2005 मध्ये आला. कोलोरॅडो विद्यापीठाने 2011 मध्ये आपले पत्रकारिता महाविद्यालय चक्क बंद केले आणि 2015 मध्ये माध्यम, संवाद व माहिती असे व्यापक महाविद्यालय उघडून पत्रकारितेला त्याचा एक विभाग केले. इंडियाना विद्यापीठाने 2014 मध्ये पत्रकारिता, दूरसंचार आणि चित्रपट यांचे विभाग एकत्र केले. मेडिल महाविद्यालयाने तर 2011 मध्ये एकात्मिक विपणन संवाद हा विषय थेट आपल्या नावातच घेतला. पुलित्झर यांनी दाराबाहेर ठेवलेला धंदा अशा रीतीने पाटीवर आला आणि एलियट यांचा आराखडा, शंभरेक वर्षांनी का होईना, खरा ठरला.

या बदलांना केवळ तत्त्वच्युती म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. जाहिरात आणि जनसंपर्क शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शुल्कावर बातमीदारीचे महागडे, लहान तुकड्यांचे वर्ग चालतात. लेखनाच्या वर्गात एका शिक्षकामागे वीसपेक्षा अधिक विद्यार्थी नसावेत, असा अमेरिकी मान्यता मंडळाचा निकष आहे आणि तो पाळायचा तर पैसा कोठून तरी यावाच लागतो. ॲरिझोना राज्य विद्यापीठाने 2014 मध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्र आपल्या पत्रकारिता प्रशालेच्या अखत्यारीत आणले, तेव्हा मिसुरीच्या पद्धतीचा विस्तार झाला खरा. पण स्थानिक वर्तमानपत्रे बंद पडत असताना विद्यार्थ्यांचे विनामोबदला काम बातम्यांची पोकळी भरण्यासाठी वापरले जाते का, हा प्रश्नही त्यासोबत आला.

म्हणून अशा प्रशालेच्या पुढील योजना वाचताना स्टुडिओच्या चौरस फुटांपेक्षा तीन गोष्टी अधिक बोलक्या असतात. नव्या पदांसाठी पीएच.डी. अनिवार्य आहे की संपादनाचा अनुभव समकक्ष धरला जाणार आहे. विद्यार्थ्यांचे काम केवळ गुणांसाठी तपासले जाणार आहे की वाचकांपुढे जाणार आहे, आणि तसे झाल्यास त्यावर अंतिम अधिकार कोणाचा. आणि देणगीदार, सरकार किंवा तंत्रज्ञान कंपनी यांपैकी जो खर्च उचलतो, त्याच्यावर टीकात्मक संशोधन करण्याची मोकळीक करारात लिहिलेली आहे का. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या अभ्यासक्रमांबाबत तिसरा मुद्दा विशेष निकडीचा आहे, कारण त्यांतील साधने आणि पुष्कळदा अर्थसाह्यही ज्या कंपन्यांकडून येते, त्यांच्याच व्यवहारांची चिकित्सा त्या वर्गांत व्हायची आहे.