दारिद्र्यरेषा वेगळी, दारिद्र्यरेषेखालची यादी वेगळी

"त्याच्या दारात मोटारसायकल उभी असते, तरी तो दारिद्र्यरेषेखाली कसा?" हा प्रश्न ग्रामसभेत हमखास निघतो. तिकडे देशातली गरिबी घटल्याची बातमी आली की लोकांना धास्ती वाटते, आता आपलं पिवळं कार्ड जाणार. दोन्हीकडे गल्लत एकच आहे. दारिद्र्यरेषा हा एक आकडा आहे आणि बीपीएल यादीत माणसांची नावं असतात. रेषेला तुमचं नाव ठाऊक नसतं, आणि यादी करणाऱ्यांनी तुमच्या घरचा महिन्याचा खर्च मोजलेला नसतो.

आधी रेषेचं बघू, कारण तिचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली एक हिशेब मांडला: माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळायच्या तर घरखर्च किती हवा? १९६०-६१च्या किमतींनुसार उत्तर आलं दरमहा दरडोई खेड्यात १५ रुपये, शहरात साडेबावीस. पुढे सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये केवळ कॅलरींचा आधार सोडला आणि शिक्षण, औषधपाणी यांवरचा खर्चही धरला. त्या पद्धतीने २०११-१२ साली महाराष्ट्राची ग्रामीण रेषा ९६७ रुपयांवर आली, शहरी १,१२६ वर, आणि राज्यातले १७.३५ टक्के लोक तिच्याखाली निघाले.

ही टक्केवारी नमुना पाहणीतून येते. देशभरातली साधारण लाखभर घरं निवडायची, धान्य, तेल, साबण, बसभाडं असा खर्च विचारायचा आणि त्यावरून राज्याचा अंदाज बांधायचा. तुमच्या गावात गरीब किती, हे त्यातून सांगता येत नाही. गरीब कोण, हे तर नाहीच.

ते काम यादीचं. त्यासाठी १९९२, १९९७ आणि २००२ साली खेड्यांत घरोघर सर्वेक्षणं झाली. २००२ची पद्धत बारकाईने बघण्यासारखी आहे. तेरा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. गुण जितके कमी, तितकं कुटुंब गरीब. घरात माणशी कपडे किती? दोनपेक्षा कमी असतील तर शून्य, दहा किंवा जास्त असतील तर चार. वर्षातला बराच काळ दिवसाला एक वेळचंही पोटभर मिळत नसेल तर शून्य. बेघर असेल तर शून्य, कच्च्या घराला एक, पक्क्या घराला तीन. महिन्याला किती रुपये खर्च होतात, हा रेषेचा मूळ प्रश्न या तेरांत नाहीच. म्हणून खर्चाने रेषेच्या वर असलेलं कुटुंब यादीत सापडू शकतं आणि रेषेखालचं बाहेर राहू शकतं. कोणी खोटं बोललं नाही तरी हे होतं. यादीतल्या नावामुळे घरकुल मिळालं, की पुढच्या मोजणीत त्याच पक्क्या भिंतींमुळे गुण वाढतात. मजुरी मात्र होती तेवढीच असते.

एवढंच असतं तर दोन वेगळी मापं म्हणून सोडून देता आलं असतं. खरं नुकसान झालं ते दोन्ही एकमेकांना बांधल्यामुळे. कुठल्या राज्यात किती कुटुंबं बीपीएल धरायची, याची मर्यादा नियोजन आयोगाच्या गरिबीच्या अंदाजावरून ठरायची. मग राज्याने त्या मर्यादेत बसेल असा गुणांचा आकडा ठरवायचा, आणि त्याच्या वरची नावं बाहेर. नमुना पाहणीचा अंदाज अशा रीतीने कुणाच्या तरी ताटातल्या धान्यावर येऊन बसला. माझ्या मते हा निव्वळ अन्याय होता. अंदाज बांधण्यासाठी केलेल्या आकड्याने माणसं वगळायला नको होती.

महाराष्ट्रातल्या पिवळ्या शिधापत्रिकेची अट आणखी वेगळी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत हवं, शिवाय घरी टेलिफोन किंवा चारचाकी नको. आता ग्रामीण रेषेचे ९६७ रुपये पाच माणसांच्या घराला बारा महिने लावून बघा: ५८,०२० रुपये. एक माप खर्चाचं, दुसरं उत्पन्नाचं, हे मान्य. तरीही जी रेषा फार खाली आखली म्हणून आपण संतापतो, तिच्याही चौथ्या हिश्शाजवळ कार्डाची अट होती.

तो संताप २०११च्या सप्टेंबरात उसळला. नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं: माणशी रोज शहरात ३२ आणि खेड्यात २६ रुपये. एवढ्यात माणूस जगतो का, ही लोकांची चीड रास्तच होती. पण त्यामागची मोठी भीती यादीची होती, की ३३ रुपये खर्च करणाऱ्याचं रेशन तुटणार. पुढच्याच महिन्यात सरकारला सांगावं लागलं की योजनांचे लाभार्थी या रेषेवरून ठरणार नाहीत.

२०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने रेशनपुरती ही गाठ सोडवली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रेषेखाली २४.२२ टक्के लोक होते, पण कायद्याखाली धान्य मिळतं ७६.३२ टक्क्यांना. या कायद्याखाली धान्य मिळणाऱ्या 'प्राधान्य कुटुंबा'साठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये ठरली. म्हणून गरिबी घटल्याची बातमी वाचून रेशनकार्डाची काळजी करायचं कारण नाही.

काळजी करायची ती इष्टांकाची, म्हणजे जास्तीत जास्त किती लोकांना धान्य द्यायचं या ठरलेल्या संख्येची. राज्यासाठी ठरलेली सुमारे ७ कोटी लोकांची मर्यादा २०११च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्यानंतर लग्न होऊन वेगळी चूल मांडलेल्या, कामासाठी गाव बदललेल्या कुटुंबांना उत्पन्न अटीत बसत असूनही पुरवठा शाखेतून "इष्टांक शिल्लक नाही" असं उत्तर मिळू शकतं. अशा वेळी दारिद्र्यरेषेवर वाद घालून उपयोग नाही. आपल्या तालुक्याचा इष्टांक किती, त्यातला भरलेला किती, आणि मयत व स्थलांतरितांची नावं शेवटची कधी कमी केली, हे लेखी मागायचं.