क्लस्टर की इन्क्युबेशन सेंटर: मराठवाड्यातल्या उद्योजकानं कुठे अर्ज करावा?

‘आमच्या जिल्ह्यात स्टार्टअपसाठी क्लस्टर द्या,’ ही मागणी मराठवाड्यातल्या बैठकांमध्ये हमखास ऐकू येते. मागणी मनापासूनची असते, पण तिच्यात क्लस्टर आणि इन्क्युबेशन सेंटर या दोन वेगळ्या योजनांची सरमिसळ झालेली असते. दोन्हींत सरकारी पैसा आहे, यंत्रं आहेत, प्रशिक्षण आहे. पण पात्रता वेगळी, अर्जाची जागा वेगळी, आणि चुकीच्या जागी गेलेला प्रस्ताव नुसता वेळ खातो.

क्लस्टर हे आधीच चालू असलेल्या, एकाच प्रकारचा माल बनवणाऱ्या छोट्या उद्योगांसाठी असतं. एकट्याला न परवडणारं यंत्र सगळ्यांनी मिळून घ्यायचं आणि सामाईक विहिरीसारखं पाळीनं वापरायचं. वाळूजचंच बघा. बजाज ऑटोचा कारखाना तिथे 1985 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणारे व्हेंडर वाढत गेले. छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर धातू कापणारं मशीन असतं, पण सीएमएम बहुधा नसतं. सीएमएम हे भागाचं अचूक माप घेणारं यंत्र. ग्रॅनाइटच्या टेबलावर जॉब, म्हणजे तयार केलेला भाग ठेवला की वरून उतरणारा बारीक प्रोब त्याच्या कडेला, भोकाच्या आतल्या बाजूला एकेका बिंदूवर टेकत जातो, आणि ड्रॉइंगपेक्षा किती मायक्रॉनचा फरक आहे ते रिपोर्टवर छापून येतं. खोली 20 अंश सेल्सिअसवर ठेवावी लागते; नाहीतर धातू प्रसरण पावतो आणि मापच बदलतं. मोठी कंपनी असा रिपोर्ट मागते, पण हे यंत्र दिवसभर चालेल इतकं काम एका शॉपकडे नसतं. मराठवाडा ऑटो क्लस्टरसारख्या केंद्राची गरज इथे कळते.

यासाठी केंद्राची सूक्ष्म व लघु उद्योग क्लस्टर विकास योजना आहे. 2022 च्या नियमांनुसार 5 ते 10 कोटींच्या सामाईक सुविधा केंद्राला 70 टक्के आणि 10 ते 30 कोटींच्या केंद्राला 60 टक्के अनुदान मिळतं. आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले म्हणून केंद्रानं निवडलेल्या जिल्ह्यांत हेच प्रमाण 80 आणि 70 टक्के आहे. मराठवाड्यातून या यादीत फक्त धाराशिव आहे आणि ही बाब तिथल्या प्रत्येक उद्योजकाला माहीत असायला हवी. लहान प्रकल्पांसाठी राज्याचा स्वतःचा क्लस्टर कार्यक्रमही आहे. मात्र सभासदांना मिळून एसपीव्ही, म्हणजे स्वतंत्र संस्था, स्थापन करावी लागते आणि कुणा एकाचा हिस्सा 10 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. माझ्या मते खरं काम इथेच आहे. एकमेकांची ऑर्डर पळवणाऱ्यांना एका टेबलाशी बसवणं अनुदान मिळवण्यापेक्षा कठीण आहे.

इन्क्युबेशन सेंटरमध्ये येणाऱ्याकडे बहुतेक वेळा चालू धंदा नसतो. कल्पना असते, फार तर एखादा प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीपुरता बनवलेला पहिला नमुना. सोयाबीनच्या पेरणीयंत्राला जमिनीतली ओल मोजणारा सेन्सर एखाद्या मुलीनं बसवला असेल, तर तिला आधी विचारलं जातं: हे विकत कोण घेणार? शेतकरी, की पेरणीयंत्र बनवणारा कारखानदार? त्याचं उत्तर शोधायला मार्गदर्शक, चाचणीची सोय, पेटंटसाठी मदत आणि सुरुवातीचा निधी मिळतो. केंद्राच्या 2021 च्या सीड फंड योजनेत प्रोटोटाइपसारख्या कामासाठी 20 लाखांपर्यंत अनुदान इन्क्युबेटर, म्हणजे अशा सेंटरमार्फतच येतं. अर्ज करताना कंपनी स्थापन होऊन दोन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा. राज्याचं स्टार्टअप धोरण 2018 चं, आणि 2025 मध्ये नवं धोरण मंजूर झालं. छत्रपती संभाजीनगरात सीएमआयए या उद्योजक संघटनेच्या पुढाकारातून उभं राहिलेलं ‘मॅजिक’ आणि विद्यापीठाचं अटल इन्क्युबेशन सेंटर ही जवळची ठिकाणं.

क्लस्टरमध्ये यंत्राला पुरेसं काम मिळतंय का हे बघायचं, म्हणून सगळे एकाच व्यवसायातले लागतात. इन्क्युबेटरमध्ये दहांपैकी बरेच प्रयोग फसणार हे धरूनच चालायचं, म्हणून तिथे वेगवेगळ्या क्षेत्रांतली मुलं शेजारी बसली तरी चालतं.

मला मनापासून वाटतं, की मराठवाड्यातल्या बऱ्याच तालुक्यांना आज क्लस्टरची गरज जास्त आहे. लातूरचे डाळमिलवाले आणि वसमतचे हळद पॉलिश करणारे यांना गिऱ्हाईक शोधायचं नाहीये. त्यांना हवी आहे प्रतवारी, पॅकिंग आणि हळदीतल्या कुरकुमिनचं (तिला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचं) प्रमाण तपासून देणारी जवळची प्रयोगशाळा. अशा ठिकाणी स्टार्टअपच्या नावानं संगणकांची खोली थाटली, तर डाळमिलवाल्याच्या ती काय कामाची? आणि सेन्सर बनवणाऱ्या मुलीला एसपीव्हीचे सभासद गोळा करायला सांगणं हाही तितकाच अन्याय आहे.

पुढे दोघांची गाठ पडू शकते. तिचा सेन्सर ठरला, की त्याचं आवरण, साचा आणि मोजमाप यासाठी तिला क्लस्टरमधली यंत्रं भाड्यानं मिळू शकतात. तोवर तिनं सरळ इन्क्युबेटरकडे अर्ज करावा. डाळमिलवाल्यांनी मात्र आधी आपापसांत बसून कोणतं यंत्र हवं, महिन्याला कोण किती तास वापरणार आणि कोण किती भांडवल घालणार हे लिहून काढावं, आणि तो कागद घेऊनच जिल्हा उद्योग केंद्रात जावं.