दुसऱ्या इंजेक्शनची तारीख

सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात 2017 पासून ‘अंतरा’ या नावाने मिळणारे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. त्यातले 150 मिलिग्रॅम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट स्नायूतून सावकाश रक्तात उतरते, बीजांडकोशातून बीज बाहेर पडू देत नाही आणि गर्भाशयमुखातील स्राव दाट करते. औषध वेळेवर घेतले तर अत्यंत भरवशाचे आहे. तरीही कित्येक जणी दुसऱ्या तारखेला दवाखान्यात फिरकत नाहीत.

त्यांना घालवतो तो बहुधा पाळीतला बदल. गर्भाशयाचे अस्तर पातळ होत गेल्यामुळे सुरुवातीला अवेळी डाग पडतात, कधी बरेच दिवस अंगावरून जाते, आणि वर्षभर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांची पाळी बंद होते. मग ‘खराब रक्त पोटात साठले’ अशी भीती घरातूनच घातली जाते. वास्तविक अस्तर वाढलेलेच नसल्याने बाहेर पडण्याजोगे काही तयार होत नाही. परंतु हे सुई टोचण्याआधी सांगावे लागते, कारण घाबरल्यानंतर ऐकलेला खुलासा सबबीसारखा वाटतो. मेक्सिकोतील एका अभ्यासात (2001) या बदलांची सविस्तर पूर्वकल्पना दिलेल्या गटात वर्षभरात सुमारे 17 टक्के, तर नेहमीची जुजबी माहिती मिळालेल्या गटात सुमारे 43 टक्के स्त्रियांनी इंजेक्शन सोडले. औषध दोन्हीकडे एकच होते.

दुसरी अडचण तारखेची. पुढचा डोस दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत घेता येतो, ही सवलत कार्डावरच्या एका तारखेत दिसत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या बीडच्या बाईची तारीख फडावर असताना येणार असेल, तर निघण्यापूर्वीच डोस देता येईल का, हे सिस्टरने कॅलेंडर पुढे ठेवून तिच्याबरोबर पाहायला हवे. मलावीत त्वचेखाली स्वतः टोचायचे इंजेक्शन स्त्रियांच्या हाती दिले, तेव्हा वर्षाअखेर 73 टक्के जणी ते घेत होत्या. आरोग्यसेवकाकडून टोचून घेणाऱ्यांत हे प्रमाण 45 टक्के होते. हेलपाटा किती जड पडतो, याचा अंदाज यावरून येतो.

जिला थांबायचे आहे तिला अडवू नये, मात्र मूल हवे असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी दहाएक महिने लागतात, हेही पहिल्याच भेटीत तिच्या कानावर घालावे.