अटलांटिक कॉन्व्हॉय आणि लायनर जहाजं (दुसरं महायुद्ध)

अमेरिका-कॅनडाकडून ब्रिटनला माल आणि माणसं नेणारी जहाजं एकटीदुकटी न जाता घोळक्यानं जायची, सोबत पहाऱ्याला डिस्ट्रॉयर, कॉर्व्हेट असल्या युद्धनौका, याला म्हणायचे कॉन्व्हॉय. घोळक्याला चालावं लागायचं सगळ्यात हळू जहाजाच्या वेगानं. स्लो कॉन्व्हॉय ७ नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आसपास रखडायचे, आणि जर्मन यू-बोट, म्हणजे पाणबुडी, पाण्यावर १७ नॉटनं पळायची.

पॅसेंजर लायनरला ही चाल महागात पडायची. 'सिटी ऑफ बनारस' हे खरं तर मुंबईच्या लाईनवरचं जहाज, खलाशी बरेचसे लस्कर, म्हणजे आपल्याकडचे. सप्टेंबर १९४० मध्ये ते बॉम्बहल्ल्यांपासून वाचवायला ९० मुलांना कॅनडाला घेऊन कॉन्व्हॉयमधून निघालं, १७ तारखेला एस्कॉर्ट (पहाऱ्याच्या युद्धनौका) निघून गेला आणि त्याच रात्री यू-४८ नं टॉर्पेडो मारला. त्यातली ७७ मुलं गेली.

'क्वीन मेरी'सारखी राक्षसी जहाजं म्हणून कॉन्व्हॉयमध्ये घालतच नसत. २८ नॉटचा वेग हेच तिचं संरक्षण, शिवाय नेम धरता येऊ नये म्हणून नागमोडी चाल. जुलै १९४३ च्या एका फेरीत तिनं १६,६८३ माणसं नेली, हा रेकॉर्ड अजून कोणी मोडलेला नाही.

पण किनारा जवळ आला की विमानांची भीती, तिथे एस्कॉर्ट लागायचाच. २ ऑक्टोबर १९४२, आयर्लंडच्या उत्तरेला, क्वीन मेरीवर दहाएक हजार अमेरिकन सैनिक आणि सोबतीला 'क्युरासोआ' ही पहिल्या महायुद्धातली जुनी ब्रिटिश क्रूझर (डिस्ट्रॉयरपेक्षा मोठी युद्धनौका), जिचा टॉप स्पीडच २५-२६ नॉट. ती बिचारी सरळ रेषेत जीव तोडून पळतेय, क्वीन मेरी वळणं घेत घेत तिला गाठतेय, आणि दोन्हीकडे समज हाच की समोरचा बाजूला होईल. क्वीन मेरीनं तिचे मधोमध दोन तुकडे केले. थांबायचं नाही असा हुकूम होता, यू-बोटचा धोका, त्यामुळे नाक फुटलेलं घेऊन ती तशीच पुढे गेली आणि माणसं उचलायला डिस्ट्रॉयर मागून आल्या. ३३० हून जास्त खलाशी मेले, वाचले शंभरेक. बातमी युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवली.

मग कोर्टबाजी. १९४७ ला हायकोर्टानं सगळा दोष क्रूझरवर टाकला (मला तरी हे जरा अतीच वाटतं, हळू गाडीनं वेगवान गाडीच्या वाटेतून किती पळायचं), अपिलात दोनतृतीयांश क्युरासोआ आणि एकतृतीयांश क्वीन मेरी अशी वाटणी झाली, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च कोर्ट) १९४९ ला तीच कायम ठेवली.