संयुक्त अरब अमिरातीचे मरीन दल

समुद्रमार्गे किनाऱ्यावर उतरून लढणारे, संयुक्त अरब अमिरातीच्या लष्करातील पायदळ. आधी नौदलाकडे असलेले हे दल 2011 मध्ये अमिरी गार्ड आणि विशेष मोहिमांच्या तुकड्या यांच्यासह नव्या ‘प्रेसिडेन्शियल गार्ड’मध्ये विलीन करण्यात आले. नावावरून हे राष्ट्राध्यक्षांचे अंगरक्षक पथक असावे असा समज होतो. प्रत्यक्षात परदेशी मोहिमांत सर्वांत पुढे राहिलेले देशाचे दल हेच आहे. त्याचे नेतृत्व ऑस्ट्रेलियाच्या लष्करातून निवृत्त झालेले मेजर जनरल माइक हिंडमार्श यांच्याकडे सोपवण्यात आले. एखाद्या देशाने आपले निवडक सैन्य परक्या अधिकाऱ्याच्या हाती द्यावे, ही आजच्या काळात विरळा गोष्ट होय.

लोकसंख्येत स्वतःच्या नागरिकांचे प्रमाण जेमतेम दहावा हिस्सा असलेल्या या देशाला मोठी फौज उभारणे शक्य नव्हते, म्हणून संख्येची उणीव प्रशिक्षणाने भरून काढण्याचे धोरण त्याने स्वीकारले. प्रेसिडेन्शियल गार्डच्या प्रशिक्षणात अमेरिकी मरीन कोरचा वाटा मोठा आहे. दोन्ही देशांच्या ‘नेटिव्ह फ्युरी’ या संयुक्त सरावात जहाजांवरून वाहने व सामग्री उतरवणे आणि ती वाळवंटातून आत नेणे यांवर भर असतो. मार्च 2020 मधील सरावात अल हमरा तळावर उभारलेल्या नकली शहरात गल्लीबोळांतील लढाईचाही अभ्यास झाला. मात्र खरी शाळा अफगाणिस्तान ठरली. तेथे नाटोप्रणीत फौजांबरोबर अमिराती विशेष दलांनी प्रत्यक्ष लढाऊ कामगिरी केली. 2014 मध्ये पुरुष नागरिकांसाठी लष्करी सेवा सक्तीची झाली, तरी मोहिमांचा मुख्य भार व्यावसायिक सैनिकांवरच राहिला.

या साऱ्याची कसोटी 2015 मध्ये येमेनमधील एडन येथे लागली. येमेनच्या सरकारविरुद्ध उठलेल्या हुथी बंडखोरांच्या फौजा शहरात शिरल्यानंतर, त्यांच्याविरुद्ध सौदीप्रणीत आघाडीत उतरलेल्या अमिरातीला जवळच्या तळाची गरज होती; त्याच सुमारास येमेनसमोरच्या आफ्रिकी किनाऱ्यावरील जिबूती या देशाशी संबंध बिघडल्याने तिने लाल समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीपासून जवळ असलेले इरिट्रियातील असाब बंदर व तेथील लांब धावपट्टी भाड्याने घेतली. किनाऱ्यावर सैन्य उतरवणारी मोठी उभयचर युद्धनौका ताफ्यात नसतानाही लँडिंग क्राफ्ट या थेट किनाऱ्याला लागणाऱ्या छोट्या नौकांमधून सैनिक, सुरुंगरोधक चिलखती गाड्या आणि प्रशिक्षित येमेनी लढवय्ये किनाऱ्यावर पोहोचवण्यात आले. जुलैच्या मध्यास एडनचा विमानतळ परत मिळाला. त्यानंतर फ्रेंच बनावटीचे लेक्लेर्क रणगाडे उतरवण्यात आले आणि ऑगस्टच्या आरंभी अल-अनद हा हवाई तळ हाती आला. अरब देशांच्या अलीकडच्या लष्करी इतिहासात समुद्र ओलांडून केलेली अशी मोहीम दुसरी सहसा सापडत नाही.

यशाची किंमतही मोजावी लागली. 4 सप्टेंबर 2015 रोजी येमेनमधील मारिब येथील क्षेपणास्त्र हल्ल्यात एकाच दिवशी चाळीसहून अधिक अमिराती सैनिक मारले गेले, आणि 1 ऑक्टोबर 2016 रोजी सामग्री वाहून नेणाऱ्या ‘स्विफ्ट’ या जहाजावर लाल समुद्रात क्षेपणास्त्र आदळले. पुढील मोहिमांत स्थानिक तुकड्या घडवून त्यांना पुढे करण्याची पद्धत रूढ होत गेली. एप्रिल 2016 मध्ये येमेनच्या हद्रमौत प्रांतातील मुकल्ला बंदरातून अल-कायदाला हुसकावताना अमिरातीने प्रशिक्षित केलेले त्याच प्रांतातील हद्रमी सैनिक आघाडीवर होते. जून 2018 मध्ये हुथींच्या ताब्यातील होदेदा या लाल समुद्रावरील बंदरावर सुरू झालेली चढाई मात्र डिसेंबरमधील स्टॉकहोम या युद्धविराम कराराने थांबली. 2019 पासून अमिरातीने येमेनमधील सैन्य कमी केले आणि 2021 पर्यंत असाबचा तळही मोडीत काढण्यास सुरुवात झाली.