लंडनचा फ्लॅट घेताय? आधी लीजची उरलेली वर्षं मोजा

मुलं लंडनला स्थायिक झाली की बडोद्यातले आईवडील तिथे फ्लॅट बघू लागतात, आणि दांडिया बाजारात भेटले की दोनांतलं एक वाक्य हमखास ऐकवतात. "लीजहोल्ड? म्हणजे भाड्याचंच की!" किंवा "99 वर्षं आहेत, आपल्या हयातीत काय होतंय!" दोन्ही चूक.

फ्रीहोल्ड म्हणजे जमिनीसकट घर आपलं, मुदत नाही. ते सगळ्यांना कळतं. इंग्लंड-वेल्समध्ये फ्लॅट मात्र बहुतेक लीजहोल्डच असतात, म्हणजे लीजच्या करारातल्या मुदतीपुरते आपले. आपल्याकडून पैसे पाठवायची मर्यादा, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, दोन्हींना सारखीच. इंग्लंडमध्ये परदेशी रहिवाशाला स्टँप ड्यूटीत 2 टक्के जादा, तेही सारखंच. शिवाय बडोद्यातलं राहतं घर तिथे "पहिलं घर" धरलं जातं, म्हणून आणखी 5 टक्के. हे कोणी आधी सांगत नाही, याचा मला राग येतो.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या सरकारी औद्योगिक वसाहतीत, ज्यांचा शेड आहे, त्यांना लीज कळते: विकता येते, वारसाला देता येते, पण जमीन दुसऱ्याची. लंडनचा फ्लॅट तसाच. खरी गोम मुदतीत आहे. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, एका काकूंनी कागद दाखवला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 125 वर्षं. काकू खूश. खालच्या ओळीत लीज 1981 पासून सुरू. म्हणजे उरली 81.

उरलेली वर्षं 80 पर्यंत घटली की लीज वाढवणं एकदम महाग होतं. लीज वाढल्यामुळे फ्लॅटची किंमत जेवढी चढते, त्यातला निम्मा वाटा जमीनमालकाला द्यावा लागतो. किमतीतल्या या वाढीला मॅरेज व्हॅल्यू म्हणतात. 2024 च्या कायद्याने हा वाटा रद्द करायचं ठरलं, पण 2025 संपेपर्यंत ते कलम लागू झालं नव्हतं. मुदत आणखी घटली की बँका कर्ज द्यायला कचरतात आणि पुढे गिऱ्हाईकही मिळत नाही. ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं), सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) यांवर लोक तासभर वाद घालतात, आणि हे एक वजाबाकीचं गणित करत नाहीत!

माझी पसंती शेअर ऑफ फ्रीहोल्डला, म्हणजे फ्लॅटधारकच मिळून जमिनीचे मालक. आपल्या सोसायटीच्या सगळ्यांत जवळचं तेच. ते नसेल तर उरलेली मुदत निदान 120 वर्षं हवी. काकूंनी इसार द्यायच्या आधी अट घातली: विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने लीज वाढवून द्यावी. तो तयार झाला.