झाडाखालचा चिकटा येतो कुठून?

आंब्याखाली लावलेली गाडी सकाळी चिकट झालेली असते. जास्वंदीची पानं आधी तुकतुकीत दिसतात, मग काळी पडतात. अशा वेळी "झाडातून डिंक गळतोय" किंवा "काळा रोग पडलाय" असे निरोप आम्हाला येतात. खरं तर तो चिकटा झाडाचा नसून त्यावरच्या बारीक किडींचा असतो: मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, खवले कीड.

पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून झाडभर फिरते. या किडी सुईसारखी सोंड थेट त्या वाहिनीत खुपसतात. आतला रस दाबाखाली असल्यामुळे तो बराचसा आपोआपच वर चढतो. रसात साखर भरपूर, पण वाढीला लागणारी अमिनो आम्लं फार थोडी. ती पुरेशी मिळवायची तर रस खूप प्यावा लागतो, आणि नको असलेली साखर पाण्यासकट मागून बाहेर टाकावी लागते. माव्याची लहान पिलं दिवसभरात स्वतःच्या वजनाहून जास्त चिकटा टाकू शकतात.

तो निव्वळ झाडाचा रसही राहिलेला नसतो. इतक्या दाट साखरेमुळे किडीच्या अंगातलं पाणी आतड्यात ओढलं जाण्याचा धोका असतो. म्हणून ती साखरेचे कण एकमेकांना जोडून मोठे करते, त्यामुळे ही ओढ कमी होते. मेलेझिटोज ही साखर अशीच किडीच्या पोटात तयार होते. तुर्कस्तान आणि ग्रीसमध्ये पाइनच्या झाडांवरच्या एका खवले किडीचा चिकटा मधमाश्या गोळा करतात, आणि त्याचा गडद मध लोक आवडीने खातात. आम्हाला हे फार विलक्षण वाटतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

आता तुमच्या झाडाबद्दल. पानावरचा काळा थर म्हणजे चिकट्यावर वाढलेली काजळी बुरशी. ती पानात शिरत नाही, पण ऊन अडवते. निव्वळ बुरशीनाशक मारून उपयोग नाही. कीड राहिली तर काजळी परत येणार. पान उलटं करून पाहा, बहुतेक किडी खालच्या बाजूला सापडतील. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तीही मोठी खूण. मुंग्या चिकट्यासाठी मावा आणि पिठ्या ढेकूण राखतात, त्यांना खाणारे ढालकिडे हुसकावून लावतात. म्हणून आम्ही आधी खोडाला पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावतो.

कुंडीतल्या झाडाला पाण्याचा जोरदार फवारा आणि ५ टक्के निंबोळी अर्क बहुधा पुरतो. आंब्यावर तुडतुडे मोहोराच्या दिवसांत वाढतात आणि कोवळा मोहोर शोषून गाळतात, त्यामुळे तपासणी मोहोर फुटायच्या आधीच करून घ्या. मोहोर पूर्ण फुललेला असताना आम्ही कीटकनाशक फवारत नाही, कारण त्या वेळी परागीभवन करणाऱ्या माश्या झाडावर असतात.

नारळाचं वेगळं आहे. भारतात २०१६ मध्ये तमिळनाडूत प्रथम आढळलेली रुगोज चक्राकार पांढरी माशी आता कोकणातही आहे. तिच्या पिलांत अंडी घालणारी एन्कार्सिया नावाची इवलीशी गांधीलमाशी तिला आटोक्यात ठेवते. रासायनिक फवारणीने आधी तीच मरते, म्हणून नारळावर अशी फवारणी करायला आम्ही नकार देतो. काजळीवर पातळ स्टार्चचं पाणी फवारलं की ते वाळताना काळा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

गाडीवरचा चिकटा ताजा असताना कोमट साबणपाण्याने निघतो. उन्हात सुकू दिला तर घासावं लागतं.

आम्हाला फोटो पाठवाल तेव्हा पानाची खालची बाजू, कोवळा शेंडा आणि खोडाचा बुंधा असे तिन्ही फोटो पाठवा. काळ्या पानाच्या एकट्या फोटोवरून कीड ओळखता येत नाही.